घनतेचा आकडा आणि नळीची ठेवण

मुंबईतल्या महालक्ष्मी रेसकोर्सचा वाद आपण एकरांत घातला. 211 एकरांपैकी 120 महापालिकेकडे, 91 रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबकडे असं 2024 मध्ये ठरलं आणि विषय मिटल्यासारखा झाला. त्या सगळ्या चर्चेत घोडा आला तो एका वाक्यापुरता: दोन वर्षांच्या घोड्याला पळवणं क्रूर आहे, पाच-सहा वर्षांचा होऊन सांगाडा पक्का होईपर्यंत थांबा. आमच्या गोराईच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांकडे पाहूनही हेच ऐकू येतं. यातली करुणा खरी आहे. शरीरशास्त्र मात्र ऐकीव आहे.

पाच-सहा वर्षांचा हिशेब येतो मणक्यांच्या वाढीवरून. पण कोवळ्या शर्यतीच्या घोड्याला सर्वांत आधी त्रास देते ती पुढच्या पायाची नळी, गुडघ्याखालचं ते सरळ लांब हाड. त्याची लांबी वाढणं शिंगरू वर्षाचं होण्याआधीच थांबतं. पुढे बदलते ती जाडी, आणि जाडी नुसत्या वयाने येत नाही, भाराने येते. युलियस वोल्फने 1892 मध्ये हाड भाराप्रमाणे घडतं असं मांडलं, तेव्हापासून हे गुपित राहिलेलं नाही.

मग थांबायचं म्हणजे घोड्याने करायचं काय? शहरात याचं उत्तर एकच: तबेल्यात उभं राहायचं. मिशिगनमधल्या 1999 च्या अभ्यासात कुरणातली अरबी शिंगरं तबेल्यात आणली, तर त्यांच्या नळीतलं खनिज कुरणातल्या सोबत्यांपेक्षा कमी भरलं. 2004 मध्ये तिथेच, कोंडलेल्या शिंगरांना आठवड्यातून पाच दिवस फक्त 82 मीटर धावू दिलं. आठ आठवड्यांत हाडातलं खनिजच नव्हे, हाडाचा आकारही बदलला. म्हणजे ज्या विश्रांतीला आपण दया समजतो, ती हाडाच्या दृष्टीने उपासमार ठरू शकते. ‘शकते’ म्हणतो, कारण हे आकडे मूठभर जनावरांवरचे आहेत. पण उलट दिशेने जाणारा पुरावा मला दिसलेला नाही. याचा अर्थ मालकांनी आपल्या सोयीने लावू नये. आणि शर्यतीच नकोत म्हणणाऱ्यांशी मला हाडांवरून वाद घालायचा नाही. त्यांचा प्रश्न नैतिक आहे.

आता ‘मग हाडाची घनता मोजून टाका’ हा पंथ. नळीशेजारी ॲल्युमिनियमची पायऱ्यांची पट्टी ठेवून एक्स-रे काढतात आणि हाडाची सावली पट्टीच्या कोणत्या जाडीशी जुळते ते पाहतात. ‘डेक्सा’ यंत्र अधिक नेमकं, पण जिवंत घोड्याला त्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते. आकडा निघतो, तो पुरेसा आहे का, हा खरा प्रश्न. प्रशिक्षण सुरू झालं की शरीर जुनं हाड आधी खरवडतं, नवं नंतर भरतं, त्यामुळे पहिल्या दोनेक महिन्यांत घनता घसरते. अमेरिकेतल्या क्वार्टर जातीच्या घोड्यांवरच्या अभ्यासात दुखापतीही याच काळात दाटल्या होत्या. एका दिवसाचा कमी आकडा म्हणजे कमजोर हाड, की अर्धवट झालेली दुरुस्ती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

घनता आणि ठेवण यांची गल्लत इथेच होते. डेक्सा हाडाची सपाट सावली मोजतं, दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम. खनिज नळीच्या पुढच्या भिंतीवर आहे की मागच्या, हे ते सांगत नाही. आणि वाकण्याला विरोध ठरतो तो अंतरावर: मध्यापासून दुप्पट लांब ठेवलेला तेवढाच थर चौपट विरोध करतो. पेनसिल्व्हेनियात संशोधक न्यूनामेकर यांनी दाखवलं, की वेगात धावताना कोवळ्या नळीची पुढची बाजू फार दाबली जाते आणि तिथेच दुखरी सूज धरते. दुडक्या चालीच्या शर्यतीतल्या घोड्यांना, त्याच वयात, हा त्रास क्वचितच होतो. लांब, संथ रपेटी कमी करून आखूड, वेगवान धावा वाढवल्या तेव्हा थरोब्रेड जातीच्या घोड्यांमध्येही तो घटला. घोड्यांचं वय तेवढंच होतं, बदलली होती ती धावण्याची पद्धत.

म्हणून हाडाच्या तपासणीच्या अहवालात घनतेच्या शेजारी नळीच्या पुढच्या भिंतीची जाडी छापलेली नसेल, तर त्यावरून दोन वर्षांच्या घोड्याला पळवू नका असं म्हणता येणार नाही. पळवा असंही नाही.