चूक की फितुरी?

रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत (तिला आता आर. के. पुरम म्हटल्याशिवाय रिक्षावालाही ओळखत नाही) आमच्या वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहते. घरातील सूनबाई केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीस आहेत. गेली चार वर्षे त्यांना मल्टिपल स्क्लेरॉसिस हा विकार आहे. सकाळी त्या जिना सहज उतरतात; मे महिन्यात संध्याकाळी तापलेल्या बसमधून परतल्या म्हणजे त्याच जिन्यावर कठडा धरून थांबतात. हे पाहणाऱ्यांची दोन मते आहेत. एक असे, की बाई सोंग करतात. दुसरे अधिक सहृदय आहे, पण आमच्या मते अधिक घातकही आहे. एका वयोवृद्ध स्नेह्यांनी त्यांना गीतेच्या सहाव्या अध्यायाचा हवाला दिला, मनुष्य स्वतःच स्वतःचा शत्रू होतो असे सांगितले आणि वर म्हणाले, "बाळ, मन खंबीर कर. देह आपोआप ताब्यात येईल."

पहिल्या मताचा निकाल चटकन लागतो. मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टण असते आणि त्याच्या योगाने संदेश वेगाने जातो. या विकारात ते जागोजागी झडते. वेष्टण गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जातो. देहाचे तापमान किंचित वाढले की तोही अडतो. दिल्लीचा उन्हाळा आणि ते सोंग यांचा संबंध एवढाच आहे.

दुसऱ्या मताशी मात्र थोडे झगडावे लागेल, कारण ते आपल्या सर्वांच्या भाषेत मुरलेले आहे. 'शरीरच शरीरावर उलटले', 'घरभेदी झाले' असे आपण सहज बोलतो. गीतेतील शत्रू हा न जिंकलेला आत्मा आहे, म्हणजे ज्याला जिंकता येते असा. रक्तातील पांढऱ्या पेशीला कोणता उपदेश करणार? फितुरीला आपला आणि परका हा भेद माहीत असावा लागतो; तो ठाऊक असून जो उलटतो तो फितूर. पेशी आकार तेवढा ओळखते. त्या ओळखीत ती कशी फसते, याचा एक दाखला आपल्याच देशातला आहे.

कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत डेव्हिड सेंपल यांनी 1911 साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील लस सिद्ध केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून तो कार्बॉलिक आम्लाने मारीत. पोटात घ्यावयाची ती इंजेक्शने आपल्या पिढीला विसरणे शक्य नाही. तिने असंख्य जीव वाचविले. परंतु लस घेणाऱ्यांपैकी काहींना पुढे पक्षाघात होई, काही त्यातच दगावत. दोष विषाणूचा नव्हता. लसीबरोबर मेंढीचे मायलिनही देहात जात होते. देहाने ते परके म्हणून बरोबर ओळखले, त्याविरुद्ध प्रतिपिंडे आणि पेशी सिद्ध केल्या, आणि मग त्यांना मनुष्याच्या मायलिनमध्येही तोच परका दिसला. न्यूयॉर्कमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी 1933 साली माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचून असाच विकार घडवून दाखविला होता. मेंढी आपल्याला इतकी जवळची नसती, तर हा घात झालाच नसता.

सूनबाईंच्या विकाराची कुळकथा याहून गुंतागुंतीची आहे. अशा रुग्णांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात प्रतिपिंडे सापडतात, पण ती नेमकी कशावर रोखलेली असतात हे बहुतांशी उलगडलेले नाही. तथापि 2022 साली अमेरिकन सैनिकांच्या साठवलेल्या रक्ताच्या तपासणीतून एपस्टाइन-बार या अतिसामान्य विषाणूकडे बोट वळले. त्याच वर्षी असेही दिसले, की काही रुग्णांतील प्रतिपिंडे त्या विषाणूच्या एका प्रथिनाला धरतात, तशीच मेंदूतील पेशींवरील एका प्रथिनालाही धरतात. पुन्हा साम्यच! विषाणूची बाधा मात्र बहुतेक सर्वांनाच होते आणि विकार फार थोड्यांना. तेव्हा एकट्या साम्याने सारे उकलत नाही.

या सर्व हकिकतीत दोष देण्याजोगे काही असेल, तर ते पेशीपाशी नाही. रोग जडल्यास जवळजवळ निश्चित मृत्यू, आणि लसीने क्वचित पक्षाघात, अशा निवडीत सेंपलच्या लसीला आम्ही तरी दोष देणार नाही. परंतु मेंदूविरहित सुरक्षित लस बाजारात आल्यावर ज्याच्या खिशात पैसे होते त्याने ती विकत घेतली, आणि सरकारी दवाखान्यातील गरीब मेंढीच्याच लसीवर राहिला. तिचे उत्पादन 2004 च्या अखेरीस थांबले. मधल्या वर्षांत हा भेद सर्वांना ठाऊक होता. तेथे शोभले असते असे कठोर शब्द आपण कधी काढले नाहीत. ते राखून ठेवले आणि जिन्यावर थांबलेल्या बाईसाठी वापरले.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने या विकाराचा आपल्या यादीत समावेश केला आहे. तळमजल्यावरचे घर मिळावे म्हणून सूनबाईंनी अर्ज केला आहे. प्रमाणपत्राची प्रत दोनदा देऊन झाली. मेंढीची ही कथा आम्ही त्यांना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, हे आजोबांना सांगू नका हं. गेल्या गुरुवारपासून ते माझ्यासाठी रोज सहावा अध्याय वाचतात."