बदलाचे बळ कोण देतो?

वयाच्या चाळिशीत नोकरी बदलावी का? मुले मोठी झाल्यावर अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू करावे का? असे प्रश्न आपल्या बहुतेक घरांत कधी ना कधी येतात. रात्री जेवणानंतर त्यांची चर्चा होते आणि मग "आता या वयात कशाला?" या एका वाक्याने विषय मिटतो. विषय मिटतो, पण मनातली रुखरुख मिटत नाही.

अशा माणसांसाठी आता शहरांत 'कोच' मिळतात. खेळाडूंना कोच असतो हे आपल्याला ठाऊक आहे. हे कोच आयुष्यासाठी आणि नोकरीधंद्यासाठी असतात. ते फी घेतात, ठरावीक दिवशी भेटतात, प्रश्न विचारतात आणि माणसाला धीर यावा म्हणून मदत करतात. आपल्यापैकी काहींना याचे हसू येईल. काहींना वाटेल, श्रद्धावंताला याची गरजच काय? आम्हाला वाटते, ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. खरे प्रश्न दोन आहेत. आत्मविश्वास दुसऱ्याकडून घेता येतो का? आणि दुसऱ्याच्या आयुष्याला वळण देण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे?

पहिल्या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली महत्त्वाचा विचार मांडला. 'हे मला जमेल' असे वाटण्यामागे त्यांनी ४ गोष्टी सांगितल्या : ते काम स्वतः करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते जमलेले पाहणे, इतरांनी दिलेले प्रोत्साहन आणि त्या वेळची आपली मनाची व शरीराची अवस्था. यांत सर्वांत बळकट पहिली. नुसत्या शब्दांनी आलेला धीर पहिल्या अपयशात ओसरू शकतो. म्हणजे आपण क्रमच उलटा धरतो. आत्मविश्वास आला की पाऊल टाकू, असे म्हणतो. पण लहानसे पाऊल टाकल्यावरच तो येऊ लागतो. बावखलाच्या काठावर बसून कोणाला पोहता आले आहे?

म्हणून चांगला कोच "तू करशीलच" असे सारखे म्हणत बसत नाही. जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ सालच्या पुस्तकामुळे ४ प्रश्नांची एक पद्धत सर्वत्र पोहोचली. तुला काय हवे आहे? आज तू कुठे आहेस? कोणकोणते मार्ग आहेत? आणि त्यांतले तू नक्की काय करणार? पहिल्या तीन प्रश्नांवर आपण तासन् तास बोलू शकतो. चौथ्यापाशी आपली बोलती बंद होते.

संत इग्नेशियस लोयोला यांना हा चौथा प्रश्न चांगला ठाऊक होता. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. पुढे १५२३ साली ते जेरुसलेमला पोहोचले. तेथेच कायमचे राहावे असे त्यांच्या मनात होते, पण तेथील फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना परत पाठवले. ठरवलेली वाट दुसऱ्यांदा बंद झाली. मग त्यांनी शिकायचे ठरवले. १५२४ साली, तेहतिशीच्या सुमारास, ते बार्सिलोनात लहान मुलांबरोबर लॅटिनचे व्याकरण गिरवू लागले. पाठांतराला बसले की त्यांच्या मनात भक्तीचे सुंदर विचार दाटून येत आणि अभ्यास मागे पडे. पुढे त्यांच्या लक्षात आले, की असे विचार प्रार्थनेत किंवा मिस्सातही येत नाहीत. मग हा मोहच असला पाहिजे. त्यांनी आपल्या शिक्षकांना चर्चमध्ये बोलावले, सारे मोकळेपणाने सांगितले आणि २ वर्षे एकही पाठ चुकवणार नाही असे वचन दिले.

हा प्रसंग आपल्याला थोडा बोचतो. बदल टाळण्यासाठी आपण वाईट कारणे शोधत नाही, चांगलीच शोधतो : घरची जबाबदारी, आईवडिलांचे वय, कधी कधी देवाची इच्छासुद्धा. त्यांतले खरे कोणते आणि आड घेतलेले कोणते, हे एकट्याला कळत नाही. त्यासाठी समोर कोणीतरी बसावे लागते.

आता दुसरा प्रश्न. समोर बसणाऱ्याने काय करावे? संत इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्यात मार्गदर्शकाला बजावले आहे, की निवडीच्या वेळी साधकाला कोणत्याही बाजूला ओढू नये. तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे. साधकालाही सांगितले आहे, की मन खिन्न आणि कोरडे असताना आधीचा निर्णय बदलू नये. 'कोच' हा शब्दही मुळात घोडागाडीचा. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून तो आला. गाडीवान आपल्याला नेतो, पण कुठे जायचे ते प्रवाशाने सांगायचे असते.

शिवाय प्रत्येक बदल चांगला नसतो. नोकरी सोडणारा एकटा सोडतो, पण कर्जाचे हप्ते साऱ्या घराच्या डोक्यावर राहतात. धीर देणारा आपल्या घरी निघून जातो. म्हणून ज्यांना किंमत मोजावी लागणार, त्यांना विचारल्याशिवाय घेतलेल्या निर्णयाला धाडस म्हणता येणार नाही. आणि ज्या मार्गदर्शकाचा फायदा आपल्या एखाद्या विशिष्ट निर्णयात असतो, त्याच्यापासून जपून राहावे. खरा मार्गदर्शक हळूहळू अनावश्यक होत जातो.

सर्वांनाच फी परवडणार नाही. पण लक्ष देऊन ऐकायला फी लागत नाही. इथे आपल्याला थोडा कबुलीजबाब द्यावा लागेल. पन्नाशीतली एखादी भगिनी संगणकाच्या वर्गाला निघाली, की आपणच ओट्यावर बसून हसतो. कोणी धंदा बंद करून नोकरी धरली, की आपणच त्याला 'बुडाला' म्हणतो. ज्या गावात हसणारे फार, तिथे पहिले पाऊल फार जड होते. त्या जडपणात आपला वाटा किती?

या आठवड्यात कोणी आपल्यापाशी असा विषय काढला, तर सल्ला द्यायची घाई करू नये. "तुला काय वाटते?" एवढे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ आपण एकमेकांना देऊ या.