रँक नसलेली तासिका

महाराष्ट्रातल्या इतर शाळांचा बँड वर्षातून तीनदा मैदानावर येतो, मराठवाड्यातल्या शाळांचा चारदा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट यांच्या जोडीला इथे १७ सप्टेंबर असतो. १९४८ साली त्या दिवशी निजामाची राजवट संपली. त्यामुळे नांदेड-लातूरकडच्या ज्या हायस्कुलांत बँड आहे, तिथे ऑगस्ट लागला की स्टोअर रूमचे कुलूप निघते. साइड ड्रम ताणले जातात, बिगुल घासूनपुसून घेतले जातात, पी.टी.चे सर आठवी-नववीतली पंधरा-वीस पोरे निवडतात आणि काही दिवस मैदानावर गलका उठतो. झेंडावंदन उरकले की वाद्ये पुन्हा आत. एवढ्याला संगीतशिक्षण म्हणायला जीभ रेटत नाही. पण शाळेत याहून मोलाचे फारसे काही चालत नाही, आणि आपण त्याची बाजू आजवर चुकीच्या पद्धतीने मांडत आलो, असे माझे मत आहे.

बाजू कशी मांडली जाते ते ठाऊकच आहे. संगीताने मेंदू तल्लख होतो, एकाग्रता वाढते, गणित सुधारते. लातुरात दुसरी कोणती भाषा चालणार? १९९० च्या दशकात दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीत इथली नावे झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला. पुढे यादी गेली, वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा आली, पॅटर्न राहिला. ट्युशन एरियातली खोलीभाडी, मेस, रिपीटर बॅच, दर आठवड्याची टेस्ट या सगळ्यावर अर्धे शहर जगते, नांदेडचेही आता तेच. मुख्याध्यापकाला बँडसाठी आठवड्याला दोन तासिका मागायच्या, तर मार्कांचेच आमिष दाखवावे लागते.

अडचण अशी की हे आमिष खोटे आहे. १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगातून ‘मोझार्ट इफेक्ट’ची, म्हणजे मोझार्टचे संगीत ऐकून बुद्धी वाढते या समजाची, हवा झाली. प्रत्यक्षात तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा होता आणि दिसलेला परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरत होता. २००४ मध्ये ग्लेन शेलेनबर्ग यांनी कॅनडात सहा वर्षांच्या १४४ मुलांना वर्षभर शिकवून पाहिले. संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी सात अंकांनी वाढला, न शिकलेल्यांचाही चारेक अंकांनी. फरक खरा, पण किरकोळ. पुढे साला आणि गोबे या संशोधकांनी पन्नासहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. जिथे तुलना काटेकोर होती तिथे संगीताचा अभ्यासावरचा परिणाम जवळजवळ शून्यावर आला. आणि समजा, एखादा गुण वाढत असेलही. तेवढ्यासाठी ड्रम कोण वाजवील? त्यापेक्षा एक सराव परीक्षा जास्त दिलेली बरी, असे कुठलाही हिशेबी बाप म्हणेल, आणि त्याचे बरोबर असेल.

शासनाने हिशेब उघडच मांडला. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य यांच्या मान्यताप्राप्त परीक्षा ठरावीक संख्येने उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळू लागले. हेतू चांगला. पण पेटी-तबल्याच्या वर्गात आलेल्या पालकाचा पहिला प्रश्न आता कोणता असतो? किती परीक्षा झाल्या की मार्क मिळतात? दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत ती पेटी माळ्यावर जाते. शाळेच्या बँडमध्ये तीन वर्षे बिगुल फुंकणाऱ्याच्या हाती सहसा असा कागदही नसतो. मला यात तोटा दिसत नाही.

बँडमध्ये घडते काय, ते जवळून पाहावे. बिगुलाला एकही कळ नसते. ओठांचा ताण कमी-जास्त करून त्यातून मोजके नैसर्गिक स्वर काढायचे, नेहमीच्या वापरातले पाचच. त्यावर सलग सप्तक वाजत नाही, म्हणून पुरी धून हवी तर ती बासऱ्यांकडे द्यावी लागते आणि बिगुलवाल्यांनी तोवर गप्प उभे राहायचे. संचलनाची तेज चाल मिनिटाला १२० पावलांची, म्हणजे सेकंदाला दोन. पोरांच्या हातून ती हटकून चढते. उत्साहात सगळेच पुढे पळतात. बेस ड्रमवाल्याने डाव्या पावलावर ठोका धरून ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याचे ऐकायचे. हा बेस ड्रमवाला वर्गातला शेवटच्या बाकावरचा असू शकतो, पहिल्या नंबरची मुलगी झांजेवर. सोळा मात्रांत तिचा हात एकदाच पडायचा असतो. तो लवकर पडला तर सगळ्या मैदानाला कळते.

दोनशे-तीनशे मुलांच्या क्लासमध्ये प्रत्येक मूल एकटे असते. शेजारच्याचा गुण कमी झाला तर आपला नंबर वर सरकतो, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. बँडमध्ये शेजारचा चुकला तर आपलेही बिघडते. पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून खोली घेऊन राहणाऱ्या मुलांच्या शहरात असा निदान एक तास असावा, ज्यात रँक काढताच येत नाही. माझा सगळा दावा एवढाच आहे. त्यातून गणित सुधारले नाही तरी चालेल.

प्रदेश संगीताला मुकलेला नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात रोज कीर्तन चालते, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी आणि लावणी असते, सप्ताहात गावोगाव पखवाज घुमतो. गाण्यासाठी किंमत मोजलेले विद्यार्थीही, मराठवाडा ज्यात होता त्याच निजामाच्या हैदराबाद संस्थानातले: १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठातून काढले गेले आणि पुढच्या शिक्षणासाठी त्यांतले अनेक नागपूरला गेले. मुकली ती शाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या, शंभरावर पट असलेल्या शाळांना कला, आरोग्य-शारीरिक आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायला सांगितले. ते नेमले गेले, कमी केले गेले, कोर्टात गेले. २०१५ मध्ये ‘अतिथी निदेशक’ हा मानधनी प्रकार आला. अतिथीच तो, त्याच्या जिवावर तीन वर्षांचा बँड कसा उभा राहणार? शेवटी सगळे पी.टी.च्या सरांच्या गळ्यात पडते, आणि त्यांना स्वरांचे शिक्षण कुणी दिलेलेच नसते.

बँड म्हणजे संचलनच, हाही आपला समज. मध्य प्रदेशातल्या मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८ च्या सुमारास अनाथ पोरे गोळा करून बँड बांधला. सतार, सरोद, व्हायोलिन यांच्या जोडीला बंदुकीच्या नळ्या कापून केलेले नलतरंग, आणि वाजवायला रागदारीतल्या बंदिशी. त्या पोरांची कुठली प्रवेशपरीक्षा झाली नव्हती. लातूरच्या शाळेने हलगी, संबळ, बासरी आणि साइड ड्रम एकत्र आणले तर अडवणारे कुणी नाही.

अडवणारी गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल लेखांतून फारसे बोलले जात नाही. हलगी मातंगांची, सनई होलारांची, संबळ गोंधळ्यांचे: आपल्याकडे वाद्याला जात चिकटलेली आहे. आंबेडकरी चळवळीच्या काळात अनेकांनी गावकीचे वाजवणे सोडले ते मानासाठी, आणि योग्यच केले. त्यांच्या नातवाला शाळेने ‘तू ढोल घे’ म्हटले तर घरच्यांना ते झोंबू शकते. म्हणून वाद्यांची वाटणी करताना सरांनी डोळे उघडे ठेवायला हवेत. हलगी कुलकर्ण्यांच्या पोराकडे, बासरी कांबळ्यांच्या पोरीकडे, आणि दर सत्राला अदलाबदल.

शिकवणारे मात्र गावातच आहेत. लग्नाच्या बँडमधले ट्रंपेट, क्लॅरिनेट, ड्रम वाजवणारे हे या दोन्ही जिल्ह्यांतले सर्वांत सरावलेले वादक. ऐकून धून उचलणे आणि वीस जणांना एका लयीत ठेवणे हे त्यांचे रोजचे काम. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाच्या सुपाऱ्या बंद असतात. जयंत्या आणि गणपती सोडले तर त्या चार महिन्यांत त्यांच्या हाताला काम थोडे. शाळेचे पहिले सत्र नेमके तेच, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर त्यातच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही स्थानिक कलांच्या जाणकारांना शाळेत शिकवायला घेण्याची मुभा आहे. पैसा फार लागत नाही. एका स्मार्ट बोर्डाच्या खर्चात बऱ्याच जणांचे मानधन निघेल. प्रश्न उरतो तो बँडमास्तरला शाळेत कोण म्हणून घ्यायचे याचा. पोरांनी त्याला ‘सर’ म्हणायचे का, त्याने चहा शिक्षकांच्या खोलीत घ्यायचा की मैदानाच्या कडेला, सही कुठल्या मस्टरवर करायची, हे शासन निर्णयात लिहिलेले नसते. ते संस्थाचालकांनी जूनमध्येच ठरवायला हवे.