पानात टाकलेलं

आमच्या घरात धर्माचे नियम दोनच. चपला घालून देव्हाऱ्यापुढे जायचं नाही आणि पानात टाकायचं नाही. पहिला कुणी मोडत नाही; दुसऱ्यावरून रोज रात्री वाद. धाकटा साडेतीन वर्षांचा आहे. त्याने भाकर सोडली की सासूबाई म्हणतात, "काऊन टाकलं रे? महाराज पाहून रायले बरं!" मग तो घाबरून तसबिरीकडे बघतो, एक घास कोंबतो आणि गालात धरून बसतो. अर्ध्या तासाने तोच घास मोरीत.

शेगावात राहून गजानन महाराजांचा बागुलबुवा करावा, हे मला पटत नाही. पण सासूबाईंच्या दटावणीत एक खरा प्रश्न दडलेला आहे. अन्नाला आपण ब्रह्म म्हणतो. मग ते पानात सोडणं पाप आहे का? आणि असलंच, तर कुणाच्या खात्यावर? सोडणाऱ्याच्या की वाढणाऱ्याच्या?

ज्या गावात हा प्रश्न पडतो, त्या गावाची कथाच मुळी उष्ट्या पत्रावळींपासून सुरू होते. 23 फेब्रुवारी 1878, माघ वद्य सप्तमी, म्हणजे महाराजांचा प्रगटदिन. देविदास पातूरकरांकडे मुलाच्या ऋतुशांतीचं जेवण होतं. पंगती उठल्या, पत्रावळी बाहेर पडल्या, आणि त्यांतली शितं वेचून खाणारा एक दिगंबर तरुण बंकटलाल अगरवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांना दिसला. दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' पोथीत पुढे येतं की बंकटलालाने आतून भरलेलं पान आणवलं. महाराजांनी त्यातले सगळे पदार्थ एकत्र कालवले आणि खाल्ले. पाणी येईपर्यंत वाट न पाहता गुरांसाठी भरून ठेवलेलं पाणी प्यायले.

ही कथा आमच्या सात वर्षांच्या थोरलीला पाठ आहे, आणि तिने त्या कथेचा उपयोग वकिलासारखा केला. "महाराजांनी कालवलं तर चालतं, मग मी वरणात भाजी कालवली तर तू का ओरडते?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, तेव्हापासून आमच्याकडे कालवायला मुभा आहे. पुढचा प्रश्न आणखी अवघड. "महाराजांना कचोरी आवडायची का?" आवडण्याचा प्रश्नच नव्हता. महाराजांनी 1910 साली समाधी घेतली, आणि शेगाव स्टेशनावरची कचोरी फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांची. महाराजांना नैवेद्य दाखवतात तो ज्वारीची भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी, कांदा, हिरवी मिरची यांचा. म्हणजे गरीब कुणब्याचं रोजचं जेवण. त्या बिचाऱ्या जेवणाला आता शहरात आरोग्याचं म्हणून भाव आला आहे, आणि आमच्या भागातल्या वावरात ज्वारीची जागा कपाशी-सोयाबीनने घेतली आहे, ते वेगळंच.

पत्रावळीच्या प्रसंगाकडे परत येते. तो वाचताना मला एक गोष्ट लक्षात येते. पानं कुणी टाकली, याची चौकशी महाराज करत नाहीत. कुणाला पाप लावत नाहीत. आणि टाकणाऱ्याचा तरी दोष काय? आपल्याकडची पंगत ज्याने पाहिली आहे त्याला ठाऊक आहे. पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी पडते. "घ्या न, एकानं काय होते!" वाढणाऱ्याला पुण्य हवं असतं, आणि त्या पुण्याची किंमत खाणाऱ्याचं पोट मोजतं.

मुलांच्या बाबतीत तर आग्रहावर धाकाचीही फोडणी. भूक आमची आम्ही ठरवतो, चार घास की सहा हेही आम्हीच, आणि उरलं की पाप मात्र त्यांचं!

आपली भूक आपणच ठरवणारं कुणी पाहायचं तर आमच्या परसात यावं. तिथे एक लिंबू आणि एक कढीपत्ता आहे. इकडे खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारट, त्यामुळे नळ आला की घागरी भरायच्या आत थोरली लिंबाला बादली देऊन येते. पावसाळ्यात त्या दोन्ही झाडांवर अळ्या येतात. लहान असताना हुबेहूब चिमणीची शीट. काही दिवसांनी कात टाकून हिरव्यागार. काडीने डिवचलं तर अळी डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. धाकट्याचा हा आवडता खेळ. पानाच्या कडेपासून ती अशी खात सुटते की फोडणीला कढीपत्ता उरेल की नाही याची मला काळजी. आणि मग एक दिवस खाणं थांबतं. समोर कोवळं पान असलं तरी तोंड लावत नाही. काडीला धागा बांधून कोश करायला लागते. थोरलीने विचारलं, "तिला कोण सांगते पोट भरलं म्हणून?"

तिच्या प्रश्नावर मला अन्नाला ब्रह्म म्हणणारं तैत्तिरीय उपनिषद आठवलं. त्यात भृगू नावाचा मुलगा वडिलांना, वरुणाला, ब्रह्म म्हणजे काय ते विचारतो. वरुण उत्तर हातात देत नाही. तप कर, तुझं तू शोध, म्हणतो. भृगूला आधी सापडतं ते अन्न. परत पाठवल्यावर प्राण, मग मन, विज्ञान आणि शेवटी आनंद. एवढ्या उंचीवर पोचल्यावर उपनिषद पुन्हा खाली, अन्नापाशी येतं: अन्नाची निंदा करू नये, ते टाकू नये, ते वाढवावं, दारी आलेल्याला परत पाठवू नये. म्हणजे सासूबाईंच्या बाजूने श्रुती उभी आहे, हे मला मान्यच. पण अन्नाच्या लगेच पुढची पायरी प्राणाची आहे. बस, आता पुरे, हे सांगणारा तोच, अळीत आणि मुलातही. त्याला गप्प करून अन्नाचा मान राखता येतो, असं मला वाटत नाही. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची सरळ वाटणी करून ठेवली आहे. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आईबापाने ठरवावं. खायचं की नाही आणि किती, ते लेकराने.

हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग बहात्तरचा दुष्काळ निघाला. त्या तेव्हा लहान होत्या. आई खडी फोडायला जायची, कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची. घरी परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. "त्या भाकरीचा तुकडा खाली पडला तर आमी फुंकून खाओ. तुमाले काय समजते!" यावर उपनिषद बंद करून ठेवावं लागतं. त्यांचा नियम कुठल्या पोथीतून आलेला नाही, पोटातून आलेला आहे.

म्हणून नियम आम्ही मोडला नाही. पानात टाकायचं नाही. फक्त तो आता वाढणाऱ्याला लागू आहे. धाकट्याला भाकरीचा चतकोर, भाजी चमचाभर; हवं तर मागायचं, आणि मागितलं तर नाही म्हणायचं नाही. तव्यावर उरली ती भाकर उष्टी होत नाही, सकाळी कांदा-मिरचीची फोडणी घातली की दोघंही मागून खातात. काही दिवस तो मुद्दाम नुसता गूळ मागायचा, तेही पार पडलं. तसबिरीतल्या महाराजांना मात्र पाळतीच्या कामातून आम्ही मोकळं केलं आहे. सासूबाई अजून अधूनमधून "एक घास घे रे आजीचा" म्हणतात. तेवढं मी ऐकलं न ऐकलं करते.

प्रगटदिनाला शेगावी आलात तर आमच्याकडे जेवायला या. भाकर, पिठलं, अंबाडी असेल. पहिल्यांदा अर्धीच भाकर वाढीन. राग मानू नका, भूक असेल तर मागून घ्या.