रिकामा धोटा

गेल्या ऑक्टोबरात घरी जपमाळ चालू असता एका मुलाने विचारले, "प्रार्थनेत बडबड करू नका, असं येशूनं सांगितलं ना? मग तीच 'नमो मरिया' पन्नास वेळा कशाला?" वडीलधाऱ्यांनी त्याला दटावले. आम्ही गप्प राहिलो, कारण उत्तर ठाऊक नव्हते.

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील सातव्या वचनात मूळ ग्रीक क्रियापद 'बट्टलोगेओ' असे आहे. नव्या करारात ते अन्यत्र आढळत नाही. त्याचा संबंध कोणी तोतरेपणाशी जोडतात, कोणी 'व्यर्थ' या अर्थाच्या अरामी शब्दाशी. तोतरेपणाबद्दल प्रभू कोणास बोल लावील, हे आम्हांस पटत नाही. मोशे स्वतःच अडखळत बोलणारा होता. त्याच वचनात पुढे 'पॉलिलोगिया', म्हणजे बहुभाषण, हा शब्द येतो आणि खरी मेख तेथे आहे. शब्दांची रास घातली की देवाला ऐकावेच लागेल, असे त्या विदेशी लोकांना वाटे. दोष पुनरुक्तीचा नव्हे, या हिशेबाचा आहे. गेथशेमानी बागेत येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारले. १३६व्या स्तोत्रात एकच पालुपद २६ वेळा येते. इ. स. ४१२च्या सुमारास संत ऑगस्टीनने प्रोबा नावाच्या रोमन विधवेला लिहिलेल्या पत्रात पुष्कळ बोलणे आणि पुष्कळ प्रार्थना करणे यांत भेद केला आहे.

ग्रंथातला हा भेद आम्हांला उमगला तो आंधळगावी. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले हे गाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते. हातमागावर धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेकडो वेळा तीच फेक. पण दर फेकीला उभ्या धाग्यांत एक आडवा धागा पडतो आणि कापड तेवढे वाढते. कांडीवरचे सूत संपले तरी धोटा धावू शकतो, खटखट तशीच ऐकू येते. कापड मात्र वाढत नाही.

आमची जपमाळ चौथ्या रहस्यापाशी नेमकी अशी होते. ओठ चालतात, मन उद्याच्या बाजारात! शिवाय हे केवळ जपमाळेपुरते नाही. एका आजाऱ्याच्या खाटेशी चारचौघांदेखत आम्ही उत्स्फूर्त प्रार्थना केली होती. तिची वाहवा झाली. तीत एकही शब्द दुसऱ्यांदा आला नव्हता; पण ती देवासाठी कमी आणि त्या चारचौघांसाठी अधिक होती, हे आम्हांलाच ठाऊक.

आंधळगावचा तो विणकर कांडी संपताच थांबला. नवी बसवली, सुटलेला धागा शोधला आणि तेथूनच पुढे विणू लागला. परतल्यावर एका संध्याकाळी चौथ्या रहस्यात आम्हीही मध्येच थांबलो. मुलाने मान वर करून पाहिले. "कांडी संपली," आम्ही म्हणालो, आणि दोन मणी मागे गेलो.