भुताने घाबरवलं, पण डोळे कुणी उघडले?

आजचे वाचन : लूक १६:१९-३१



नाताळ जवळ आला की आमच्या घरी मुलं हटकून एक अ‍ॅनिमेशनपट लावतात : रॉबर्ट झेमेकिस यांचा २००९ सालचा ‘अ ख्रिसमस कॅरोल’. कंजूष स्क्रूज आणि त्याला भेटणारे नाताळचे तिन्ही आत्मे, सगळी कामं जिम कॅरीनेच केली आहेत. मूळ कथा चार्ल्स डिकन्सची, डिसेंबर १८४३ मधली. सिनेमाच्या सुरुवातीलाच स्क्रूज आपल्या मेलेल्या भागीदाराच्या, मार्लेच्या, डोळ्यांवर ठेवलेली नाणी उचलून खिशात घालतो. लोभ म्हणजे काय, ते मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सात वर्षांनी, नाताळच्या आदल्या रात्री, तोच मार्ले साखळदंड ओढत सावध करायला येतो. आणि सकाळपर्यंत स्क्रूज बदलतो.

आजच्या वचनात मात्र उलट आहे. श्रीमंत मनुष्य अधोलोकातून हेच मागतो, की मेलेल्यांतून कुणीतरी माझ्या पाच भावांकडे जावं. अब्राहाम नाही म्हणतो. मोशे व संदेष्टे त्यांच्याजवळ आहेत. त्यांचं जे ऐकत नाहीत ते मेलेल्याचंही ऐकणार नाहीत. मग डिकन्स चुकला का? भीतीने माणूस बदलतो का? आणि बदललाच, तर त्याला पश्चात्ताप म्हणायचं का?

श्रीमंत मनुष्याकडे नीट पाहा. त्याच्याइतकी भीती आणि यातना कुणाला असेल? तरी तो काय म्हणतो? लाजराला पाणी घेऊन पाठव. लाजराला माझ्या भावांकडे पाठव. म्हणजे लाजराचं नाव त्याला माहीत होतं! पण दाराशी फोडांनी भरून पडलेला हा माणूस त्याला अजूनही हरकाम्याच वाटतो. ज्वालेतसुद्धा त्याचे डोळे उघडले नाहीत. भीतीने तो ओरडला, पण बदलला नाही.

आता स्क्रूज. त्याचा कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला १५ शिलिंगांवर राबत होता. त्याच्या घरी कुबडीवर चालणारा टिम आहे, याची स्क्रूजने कधी चौकशी केलेली दिसत नाही. दुसरा आत्मा त्याला त्या घरात नेतो, आणि स्क्रूज विचारतो, हा मुलगा जगेल ना? लक्षात घ्या, स्वतःची कबर त्याने अजून पाहिलेली नाही. कबर नंतर येते. दुसऱ्याच्या लेकरासाठी जीव आधीच कळवळला आहे.

म्हणून मला वाटतं, भुताने त्याला फक्त जागं केलं. डोळे उघडले ते टिमने. अब्राहामाचं म्हणणं डिकन्सने खोडलेलं नाही.

प्रियांनो, आपल्याकडे मार्ले येणार नाही. आपल्याकडे वचन आहे, आणि दाराशी लाजर आहे. कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचा वॉचमन, कचरा नेणारा पोरगा. नाताळच्या करंज्या आपण त्यांना देतो, चांगलंच आहे. पण त्यांच्या घरी कोण आजारी आहे, कुणाची फी भरायची राहिली आहे, ते आपल्याला ठाऊक आहे का? आणि विचारून थांबायचंही नाही. स्क्रूजने टर्की पाठवली आणि बॉबचा पगारही वाढवला. एक दिवसाची भेट देणं सोपं असतं, दर महिन्याचा न्याय खिशाला लागतो. पश्चात्ताप खरा की भीतीपोटी, ते तिथेच कळतं.

लाजर आणि श्रीमंत यांच्यामध्ये मेल्यावर मोठी दरी होती. जिवंतपणी मात्र फक्त एक दरवाजा होता. आपला दरवाजा अजून उघडता येतो.

प्रार्थना : हे प्रभू, भीतीने नव्हे तर प्रीतीने माझे डोळे उघड. माझ्या दाराशी तू कुणाला ठेवलं आहेस ते मला आज दिसू दे, आणि माझी मूठ सैल कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.