धान्यत्याग आणि घरची पंगत

मनुष्याने काय खावे हा प्रश्न वैद्याचा आहे, असे सामान्यतः समजले जाते. काय खाऊ नये हा मात्र सर्व काळी आणि सर्व देशांत नीतीचा प्रश्न होऊन बसलेला आहे. आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे या दुसऱ्या प्रश्नाने एक नवे रूप धारण केले आहे. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी ही सर्व धान्ये वर्ज्य करावीत. शक्य तर डाळी, दूध आणि साखर यांचाही त्याग करावा. आणि शेतीचा शोध लागण्यापूर्वी मनुष्य ज्यांवर जगत असे त्या मांस, मासे, अंडी, कंद, भाज्या व फळे यांवरच निर्वाह करावा, असे सांगणारा हा आहारपंथ होय. पुराणाश्मयुगाच्या इंग्रजी नावावरून त्यास 'पॅलिओ' म्हणतात. घरात एकाने हा नियम धरला की दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात प्रश्न उभा राहतो : आता करावे तरी काय? मग नव्या पदार्थांचा शोध सुरू होतो. वरवर पाहता हा शोध केवळ पाकशास्त्राचा आहे. परंतु त्याच्या पोटात एक दुसरा प्रश्न दडलेला आहे, आणि तो असा की, स्वतःच्या देहासाठी घेतलेला नियम दुसऱ्याच्या पानात वाढण्याचा अधिकार मनुष्यास कितपत आहे?

प्रथम या पंथाच्या मुख्य युक्तिवादाचा विचार करू. त्याचा उगम अमेरिकेतील आहे. वॉल्टर व्होग्टलिन या वैद्याने इ. स. १९७५ मध्ये अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिले; १९८५ मध्ये बॉइड ईटन व मेल्विन कॉनर यांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात हा विषय विद्वानांपुढे मांडला; आणि २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तो घरोघर नेला. युक्तिवाद असा : मनुष्याचा देह लक्षावधी वर्षांत घडला, शेती येऊन जेमतेम ११ हजार वर्षे झाली, इतक्या अल्प काळात देह धान्यास सरावलेला नाही, यास्तव धान्य हे मनुष्याचे स्वाभाविक अन्नच नव्हे.

हा युक्तिवाद ऐकावयास मोठा मोहक आहे, पण उत्खननातून निघालेला पुरावा त्यास सर्वस्वी अनुकूल नाही. गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो येथे सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्यांत रानटी जव व गहू आणि ते भरडण्याचा दगड सापडला आहे. जॉर्डनमधील शुबायका येथे सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे मिळाले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे शेत नांगरण्यापूर्वी कित्येक सहस्र वर्षे मनुष्य भाकरी भाजीत होता. शिवाय देह अगदीच स्थिर राहिला आहे असेही नाही. पिठूळ पदार्थ पचविणाऱ्या लाळेतील पाचकद्रव्याच्या जनुकाच्या प्रती ज्या समाजांत असे अन्न फार खाल्ले जाते त्यांत सरासरीने अधिक आढळतात, हे २००७ मध्ये दाखवून देण्यात आले.

पण क्षणभर असे धरून चालू की पूर्वजांनी धान्य कधी तोंडातही घातले नाही. तरी त्यावरून आपण काय करावे हे ठरते काय? पूर्वजांनी अक्षर गिरविले नाही. ते त्यांनी केले नाही म्हणून आपण सोडत नाही. जे जुने ते सत्य असे मानण्याच्या सवयीवर आपल्याकडील सुधारकांनी एक शतकभर टीका केली. तीच सवय आता विज्ञानाचा अंगरखा घालून पुन्हा दारी आली, एवढ्यावरून तिला पाट मांडून द्यावा असे आम्हांस वाटत नाही.

याचा अर्थ धान्य सोडणारा प्रत्येक मनुष्य भ्रमात आहे, असा मुळीच नव्हे. सीलियाक नावाच्या व्याधीत गहू, जव व राय या धान्यांतील ग्लूटेन हे द्रव्य आतड्यास इजा करते, आणि अशा रोग्यास गव्हाचा कणही चालत नाही. मधुमेही मनुष्यास भात व पोळी यांचे प्रमाण उतरविण्याचा सल्ला वैद्य देतात, तोही योग्य कारणास्तव. पण ही कारणे स्वतःच्या पायांवर उभी आहेत. त्यांस अश्मयुगाच्या टेकूची गरज नाही. उलट कारण नीट कळले म्हणजे त्यागाची मर्यादाही कळते. सीलियाकच्या रोग्यास ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ वर्ज्य नाहीत, कारण त्यांत ते द्रव्य नाही. मात्र बाजारातील बांधणी हिंगात गव्हाचे पीठ असू शकते, ते त्यास पाहावे लागते. एकाची भाकरी वाचते आणि फोडणी बदलते. दुसऱ्याची फोडणी तीच राहते आणि पोळीची चवड कमी होते. सर्वांस मिळून एकच पंथ सांगणारा मनुष्य हा भेद पुसून टाकतो. आणि जेथे घर शाकाहारी आहे तेथे धान्य, डाळ व दूध ही तिन्ही एकदम काढून घेतल्यास वाढत्या मुलांच्या पानात पोषणास काय उरेल, याचा विचार वैद्यास विचारल्यावाचून कोणी करू नये.

धान्य वर्ज्य करण्याची कल्पना आपणांस नवी नाही. एकादशीस आपण धान्य सोडतो. पण त्या दिवशी पानात येते काय? साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे, राजगिरा. मूळच्या अमेरिका खंडातील या वस्तू, म्हणजे पूर्वजांच्या एकादशीस त्या ठाऊकही नव्हत्या. वरीचे तांदूळ तर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तृणधान्यच होय. अशा रीतीने एकादशीचा नियम अक्षराने पाळला जातो आणि ताट नेहमीपेक्षा जड होते. कोणी यास हसेल. परंतु आम्हांस त्यात एक शहाणपणही दिसते : नियम घेतला तरी घरातील आबालवृद्धांस तो गोड करून द्यावा, हे गृहिणींनी फार पूर्वीच ओळखले होते.

याहून विचार करण्याजोगा दिवस ऋषिपंचमीचा. भाद्रपद शुद्ध पंचमीस बैलाच्या श्रमाने पिकलेले काही खावयाचे नाही, असा संकेत आहे. म्हणून त्या दिवशी ऋषीची भाजी होते : अळूची पाने व देठ, लाल माठ, सुरण, भोपळा, पडवळ, भेंडी, जे परसात हाताने लावले किंवा आपोआप उगवले ते. कृषिपूर्व आहार म्हणतात तो याहून निराळा काय असेल? पण कोकणात त्याच दिवशी देवभात चालतो, कारण तो पाणथळ जागी नांगरटीवाचून आपसुक वाढतो. यावरून स्पष्ट होते की येथे आक्षेप धान्याच्या दाण्यास नाही. प्रश्न असा विचारलेला आहे की, हे अन्न कोणाच्या श्रमाने माझ्यापुढे आले? नवा पंथ विचारतो, हे अन्न माझ्या देहाचे काय करील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु पहिल्या प्रश्नात दुसऱ्याचा विचार आहे, आणि केवळ दुसऱ्या प्रश्नावर जगणाऱ्याच्या दृष्टीतून तो दुसरा हळूहळू नाहीसा होण्याचा संभव आहे.

तो दुसरा म्हणजे प्रथमतः घरातीलच मनुष्य. या बाबतीत महात्मा गांधींच्या चरित्रातील दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय शेतावर असताना त्यांनी व कॅलनबाख यांनी केवळ फलाहार धरला होता : कच्चे भुईमुगाचे दाणे, केळी, खजूर, लिंबे व ऑलिव्हचे तेल. धान्याचा त्यात लेशही नव्हता. पण शेतावरील इतरांच्या जेवणात भात, वरण, भाजी व पाव होते. नियम ज्याचा त्याने पाळला आणि पंगत चालू राहिली. दुसरी गोष्ट कस्तुरबांची. त्या दुखणाईत असता मीठ व डाळी सोडाव्यात, असा आग्रह गांधींनी धरला. तुम्हांस तरी हे सोडवेल काय, असे कस्तुरबा म्हणाल्या. तत्क्षणी गांधींनी एक वर्षापुरता दोन्हींचा त्याग केला. कस्तुरबांनी शब्द मागे घेतला, विनवणी केली, पण प्रतिज्ञा कायम राहिली. आणि मग त्यांनीही डाळ व मीठ सोडले. आपल्या आयुष्यातील अत्यंत गोड आठवणींत गांधी हिची गणना करतात.

गांधींचा हेतू निर्मळ होता आणि स्वतः झीज सोसल्यावाचून त्यांनी दुसऱ्यास काही सांगितले नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही आम्हांस विचारावेसे वाटते की, ही आठवण कस्तुरबांसही तितकीच गोड वाटली असेल काय? प्रेमाने घातलेली भीड ही आज्ञेहून मोडावयास कठीण असते. आज्ञेस नाही म्हणता येते. आपल्यासाठी उपाशी राहणाऱ्यास नाही म्हणता येत नाही. जो मनुष्य आपला आहारनियम घरावर हुकूम करून लादतो त्याचा दोष सर्वांस दिसतो. पण जो तोंडाने काही न म्हणता प्रत्येक घासास निःश्वास टाकतो, मुलांच्या पोळीकडे विषाकडे पाहावे तसे पाहतो, तोही लादतोच. व्रत हे स्वतः घेतलेले असते तोवर व्रत. दुसऱ्यावर घातले की त्याचा दंड होतो.

उलट बाजूही आहे. ज्याच्या देहास धान्य खरोखरच सोसत नाही त्यास 'एका पोळीने काय होते' म्हणून आग्रहाने वाढणे हीसुद्धा बळजबरीच होय, आणि आमच्या आतिथ्यशील समाजात ही अधिक घडते. शिवाय एका घरात दोन स्वयंपाक होऊ लागले की दुसऱ्या स्वयंपाकाचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हे सांगावयास नको. नियम घेतो एक आणि चुलीपाशी उभी राहते दुसरी, असे होत असेल तर तो संयम उसना म्हणावा लागेल. ज्याने नियम घेतला त्याने किमान आपली भाजी चिरावी, आपले कंद सोलावेत. निदान नियमाची किंमत तरी त्यास कळेल.

तेव्हा घरात करावे काय? आमचे उत्तर असे की, त्याग करणाऱ्यासाठी वेगळे ताट शोधू नये; सर्वांच्या ताटात सामाईक काय आहे ते आधी पाहावे. मराठी पानाची रचना या कामी फार सोयीची आहे. त्यात डावी बाजू आहे, उजवी बाजू आहे, आणि पोळी-भात त्यांच्या मधोमध येतात. मधले काढले तरी भोवतालचे बहुतेक जसेच्या तसे राहते. खोबरे व तीळ घालून केलेली भरली वांगी, लाल भोपळ्याचे भरीत, सुरणाचे काप, केळफुलाची व कच्च्या फणसाची भाजी, काकडीची कोशिंबीर, सोलकढी. सामिष घरात आमसूल व ओल्या नारळाचे मासळीचे कालवण, कोल्हापूरचा पांढरा रस्सा. यांत धान्याचा दाणा नाही, आणि यांपैकी एकही पदार्थ रोग्याचा पदार्थ वाटत नाही. काही ठिकाणी अल्प फेरफार पुरतो. अंबाडीच्या भाजीतील कण्या गाळाव्यात, मासळी तळताना तांदळाचे पीठ लावू नये. थालीपीठ राजगिरा, शिंगाडा व किसलेले रताळे यांचे लावावे. ते उपवासाचे म्हणून घरास परिचित आहेच. मग ज्यास भाकरी हवी त्याने ती त्याच भरल्या वांग्याशी खावी, आणि ज्यास नको त्याने वांगे अधिक घ्यावे. पातेले एक, पंगत एक. फरक केवळ एका वाढणीचा. उसन्या पाककृतींनी बदामाच्या पिठाची नकली पोळी करीत बसण्यापेक्षा हा मार्ग सोपा, स्वस्त, आणि आमच्या मते अधिक प्रामाणिक आहे.

शेवटी एक गोष्ट धान्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. आपल्या मुलाचे उष्टावण भाताच्या घासाने होते, नवी सून धान्याचे माप ओलांडून घरात येते, आणि मृताचा पिंडही भाताचाच असतो. उदरनिर्वाहास आपण दाणापाणी म्हणतो. तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाची निंदा न करणे हे व्रत म्हणून सांगितले. शासनही भूक मोजते ती दाण्यांनी : २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांस माणशी दरमहा ५ किलो धान्य देऊ केले आहे. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्यांनी खाल्ली, त्यांची मुले-नातवंडे आज आपल्यात आहेत. सह्याद्रीतील कातकरी पावसाळ्यात रानातील कंद खणून आणतो तो कोणत्याही पंथाचा अनुयायी म्हणून नव्हे; घरातील दाणे संपलेले असतात म्हणून. जो पदार्थ एकास त्याग म्हणून भूषणावह वाटतो तोच दुसऱ्याच्या पानात नाइलाजाने पडतो, हे ज्याच्या ध्यानात राहील तो धान्य सोडील, पण धान्यास नावे ठेवणार नाही.

गणेशचतुर्थीस घरोघर तांदळाच्या उकडीचे मोदक होतात आणि दुसऱ्याच दिवशी ऋषीची भाजी शिजते. चूल तीच, करणारे हात तेच, आणि पंगतही तीच. मोदक खाणाऱ्यास कोणी आदल्या दिवशी पापी म्हणत नाही, आणि भाजी खाणारा दुसऱ्या दिवशी स्वतःस पुण्यवान म्हणवीत नाही. धान्य घेण्यास व सोडण्यास इतक्या सहजपणे जागा देणारे घर ज्यास लाभले, त्यास आहाराचा कोणताही नियम जड जाऊ नये.